सव्वादहाचं भांडण

त्यांच्या घरात मुलांचं भांडण सकाळी सव्वादहाला असे. दहा पंचविसाला भूगोल सुरू होई. मी हे विनोदाने सांगत नाही. भिंतीवर चिकटवलेल्या वेळापत्रकात तसं लाल शाईने लिहिलेलंच होतं: '१०.१५ ते १०.२५, भांडण.' मी शेजारच्या खोलीत एकटा राहत होतो आणि सेकंड शिफ्टच्या आठवड्यात दुपारपर्यंत घरीच असे, त्यामुळे दोन्ही विषय मला भिंतीतून ऐकू येत. भूगोलापेक्षा भांडणाची तयारी बरी वाटायची.

आमची चाळ म्हणजे हायवे आणि रेल्वेलाइन यांच्या मधल्या पट्टीत, आकुर्डीच्या एका शेतकऱ्याने जोंधळ्याचं रान मोडून बांधलेल्या आठ खोल्या. वर सिमेंटचे पत्रे, समोर सगळ्यांत मिळून एक नळ. कारखाने भराभर उभे राहत होते, आणि जोंधळ्यापेक्षा कामगार जास्त पिकतात हे त्या शेतकऱ्याच्या वेळेवर ध्यानात आलं होतं.

त्या मुलांचे वडील आमच्याच कंपनीत टाइम स्टडी खात्यात होते, मी टूल स्टोअरला. टाइम स्टडीवाल्याने हातात लाकडी पाटी घ्यायची, पाटीच्या डोक्यावर स्टॉपवॉच अडकवायचं, मशीनपाशी उभं राहायचं आणि एका नगाला किती वेळ लागतो ते लिहायचं. त्यावरून कामगाराने दिवसाला किती नग काढायचे ते ठरे. साहजिकच कारखान्यात त्यांच्याइतका नावडता माणूस दुसरा नव्हता. ते लांबून दिसले की लेथवरचे लोक एकमेकांना म्हणत, "राव, घड्याळ आलं. आता जरा कंबर दुखू द्या."

हे त्यांना ठाऊक होतं. "बघणारा आला की माणूस हळू होतो," ते मला सांगत. "त्यात त्याचा दोष नाही. आपण तेवढं वजा धरायचं."

कंपनीचं घड्याळ कंपनीत राही. घरचं त्यांनी स्वतःच्या पैशाने घेतलं होतं आणि ते काळ्या दोरीने गळ्यात घालत. 'अंदाज म्हणजे आळशाचं मोजमाप' आणि 'मोजल्याशिवाय बोलू नये' ही त्यांची दोन वचनं चाळीतल्या लहान मुलांनाही पाठ होती. चाळीतल्या एका लग्नात त्यांनी मंगलाष्टकं मोजली आणि भटजींना बाजूला घेऊन सांगितलं, "दोन मिनिटं वाचतील. तुम्ही मध्ये सात वेळा उपरणं सावरलंत." भटजींनी त्यांना जेवायला शेवटच्या पंगतीला बसवलं. ती पंगत किती उशिरा बसली, तेही त्यांनी मोजलं.

मात्र माझे वडील गेले तेव्हा ते माझ्याजवळ बराच वेळ बसून राहिले आणि एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही. म्हणून मी त्यांना हसत असलो तरी जपून हसत असे.

त्यांना चार मुलं. थोरली शालन, तेव्हा बारा वर्षांची. मग वसंत आणि दिलीप, आणि शेंडेफळ बेबी. चौघंही गावातल्या शाळेत जात होती. एकदा कंपनीला साप्ताहिक सुट्टी होती आणि शाळेला नव्हती. हे शाळेच्या व्हरांड्यात जाऊन बसले आणि वसंताच्या वर्गातला पस्तीस मिनिटांचा एक तास मोजला. निष्कर्ष असा, की गुरुजी प्रत्यक्ष शिकवतात अकरा मिनिटं. उरलेला वेळ हजेरी घेणे, खडू आणायला मुलगा पाठवणे, तो का आला नाही हे बघायला दुसरा मुलगा पाठवणे, आणि 'गप्प बसा' म्हणणे यांत जातो. त्यांनी याचा स्वच्छ तक्ता केला आणि मुख्याध्यापकांपुढे ठेवला.

मुख्याध्यापक बारा महिने काळा कोट घालत. ऐन वैशाखातही तो उतरत नसे, कारण तो उतरला तर खाली मुख्याध्यापक सापडतीलच अशी त्यांना खात्री नसावी.

"शाळा म्हणजे तुमचं मशीन वाटलं काय?" त्यांनी विचारलं.

"नाही साहेब. मशीन इतकं बंद राहिलं तर आम्ही ते मोडीत काढतो."

"मग तुम्हीच शिकवा घरी!"

"शिकवतो. दाखले द्या."

या सगळ्याला चार मिनिटं लागली, असं त्यांनीच मला अभिमानाने सांगितलं. त्यांची बायको, आमच्या वहिनी, पवन मावळातल्या, चौथी पास. दाखले बघून त्या म्हणाल्या, "चार पोरांची शाळा चार मिन्टात मोडून आलात व्हय? मला एक लुगडं घ्यायला दोन तास लागत्यात."

लहान तिघांचं फारसं बिघडत नव्हतं. प्रश्न शालनचा होता. तिची सातवी घरी व्हायची होती. पुढे आठवीसाठी चिंचवडच्या हायस्कुलात घालायचं, तर तिथल्या हेडमास्तरांनी सांगितलं, एप्रिलमध्ये आमच्या मुलांबरोबर सातवीच्या पेपरांना बसवा, पास झाली तर घेऊ, नाहीतर जागा नाही. आणि नाही झाली तर काय, याचं उत्तर बार्शीकडून कार्डावर आलं होतं. कार्ड शालनच्या आत्याचं. 'शालन घरीच असते असे कळले. माझ्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या आहेत. तिला इकडे पाठव, हाताखाली होईल. पुढचं पुढे बघू.' वहिनी ते कार्ड पिठाच्या डब्यात ठेवत, म्हणजे रोज दिसावं. "तिकडं गेली की शाळा सुटली," त्या म्हणत. "आन् पुढचं म्हंजी काय ते मला म्हायती हाय."

त्यांना मात्र स्वतःच्या वेळापत्रकावर भरवसा होता. कारखान्यातल्या ड्रॉइंगसारखी त्या वेळापत्रकाला सुधारणेची अक्षरं असत. 'सुधारणा ए' पहाटे पाचला सूर्यनमस्कारांनी सुरू होई आणि रात्री आठला आत्मपरीक्षणाने संपे. ती दोन दिवस टिकली. दुसरा कोणी बाप मुलांवर चिडला असता. हे चिडले नाहीत. त्यांनी मला सांगितलं, आणि हे वाक्य मी पुढे बऱ्याच मोठ्या माणसांच्या योजना बघताना मनात म्हटलं आहे, "वेळापत्रक कोसळतं, कारण ते करणारा त्यात खोटं लिहितो. जे होतं ते लिहायचं. मग कसं कोसळेल?"

तेव्हापासून ते जे होतं ते लिहू लागले. 'सुधारणा सी'मध्ये 'डेक्कन एक्सप्रेस बघणे' आलं. 'डी'मध्ये 'बेबीचे पाणी सांडणे व पुसणे, ३ मिनिटे.' 'ई'मध्ये 'पेन्सिल सापडत नाही.' आणि 'एफ'मध्ये त्यांनी भांडणाला जागा दिली, कारण ते रोज साधारण सव्वादहाला होतं असं वहिनींच्या सांगण्यावरून सिद्ध झालं होतं.

अडचण एवढीच झाली, की लिहिल्यावर मुलांना ते काम वाटू लागलं. मी दाढी करत दारात उभा असताना हे ऐकलेलं आहे.

"ए, सव्वादहा झाले. चल की," वसंत म्हणाला.

"कशावरनं?" दिलीपने वहीतून मान वर न करता विचारलं.

"कालच्यासारखं. रबरावरनं."

"रबर तुझ्याकडंच हाय."

"मग माग ना. मी देत नाही."

"मला नकोय पण."

"नकोय कसं? मग भांडण कसं होणार, येड्या?"

"येडा कुणाला म्हणतो रे?"

"हां, आता कसं!"

आतून वहिनींचा आवाज आला, "जरा मोठ्यानं रं. सांजच्याला इचारलं तर मी काय सांगू? आज मुकं भांडण झालं म्हणून?" तेवढ्यात बेबी धावत आली, "मी पण, मी पण!" तिला दोघांनी थोपवलं. तिचं नाव वेळापत्रकात शेवटच्या तीन मिनिटांपुरतंच होतं. दहा पंचविसाला शालन म्हणाली, "पुरे. नकाशा काढा," आणि तिघंही हायसं वाटून नद्यांकडे वळली.

त्या दिवशी मला एक गोष्ट दिसली होती, पण मी ती नीट पाहिली नाही. 'नकाशा काढा' कोण म्हणालं? बाप आठ ते पाच कंपनीत. आई चुलीपाशी. वेळापत्रकात चार मुलांचे चार रकाने होते. वसंताचा भरलेला, दिलीपचा भरलेला, बेबीच्या रकान्यात पाणी सांडणंसुद्धा होतं. शालनच्या रकान्यात पाचसहा जागी एकच शब्द होता: 'स्वाध्याय.' मधूनमधून 'देखरेख.'

फेब्रुवारीच्या अखेरीस वहिनींनी विषय काढला. सुट्टीचा दिवस होता, मी त्यांच्याकडे चहाला बसलो होतो.

"पोरगी पास व्हायची न्हाई," त्या म्हणाल्या. "तिला वखतच न्हाई अभ्यासाला."

"वेळ नाही कसा? दिवसाला साडेतीन तास स्वाध्याय आहे तिला. हे बघ ना, लिहिलंय."

"लिवलंय खरं. हाय कुठं?"

"मोजल्याशिवाय बोलू नये."

"मग मोजा की!" वहिनींनी कपबशी खाली आदळली. "समदी दुनिया मोजता, माणसाचं चावणं मोजता, योक दिस सोताची लेक मोजा."

त्यांनी दुसऱ्या दिवशी रजा टाकली. पहाटे साडेपाचला ते पाटी आणि घड्याळ घेऊन कोपऱ्यात रिकाम्या पत्र्याच्या डब्यावर बसले. ती नळावर गेली, हे मागून गेले. ती आली, हे आले. मी दुपारी कामावर जाईपर्यंत बघत होतो. पाण्याच्या सहा खेपा, केरवारा, बेबीची वेणी. मग वसंताला व्याज, दिलीपला शुद्धलेखन, मध्ये आईला भाकऱ्या. मग धुणं, मग पुन्हा दिलीपला पाढे.

आणि एक गोष्ट अशी झाली, जिची त्यांच्या विद्येत नोंदच नव्हती. त्यांच्या घड्याळापुढे आजवर ज्याला उभं केलं तो हळू झाला होता. शालन भरभर करू लागली. तिला वाटलं, आज आपली पाळी आहे, दादांना, म्हणजे वडिलांना, बरं वाटलं पाहिजे. भाकरी तव्यावर टाकून तिने कपाळावरचा घाम मनगटाने पुसला आणि विचारलं, "दादा, ही किती सेकंदांत झाली?"

"बावन्न."

"पुढची पन्नासात करते."

ते पाटीकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासायला बाहेर आलो, तर नळापाशी बायकांच्या रांगेत पाचव्या नंबरला ते उभे. शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, पुढ्यात हंडा. गळ्यात घड्याळ नव्हतं. मला बघून त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढून दिला.

"चूक कुठे आहे सांगा."

मी वाचला. शालनच्या स्वतःच्या अभ्यासाची बेरीज एकोणीस मिनिटं होती. त्यातल्या बारा मिनिटांपुढे त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'पुस्तक डब्याला टेकवून. हात परातीत.'

"मोजण्यात चूक दिसत नाही," मी म्हटलं.

"तेच तर," ते म्हणाले आणि रांगेबरोबर एक पाऊल पुढे सरकले.

त्यांनी साठलेली सगळी रजा काढली. अर्जात कारण लिहिलं, 'पाणी भरणे.' अर्ज टाइप करणाऱ्या पोराने तो कँटीनमध्ये वाचून दाखवला. त्यांच्या साहेबाने बोलावून विचारलं म्हणे, "पाणी भरायला इतके दिवस?" हे म्हणाले, "धुणं आणि भाकऱ्या पण आहेत, साहेब." साहेबाला वाटलं माणूस डोक्याने गेला. त्याने सही केली.

रजेच्या पहिल्याच दिवशी ते मला घेऊन मुख्याध्यापकांकडे गेले. धाकट्या तिघांना परत शाळेत घालायचं होतं, म्हणजे शालनच्या डोक्यावरचं ते ओझं उतरेल. कोटाने आम्हाला बराच वेळ उभं ठेवलं. मग मुलांची परीक्षा घेतली. बेबीने तीसपर्यंत पाढे म्हटले. दिलीपने एक उतारा चूक न करता लिहिला. वसंताने सरळव्याज केलं, आणि विचारलं नव्हतं तरी चक्रवाढही केलं.

"हे कोणी शिकवलं? तुम्ही?"

"नाही. माझ्या थोरल्या मुलीने."

"मग चाललं होतं की उत्तम. परत कशाला आणलीत?"

"चाललं होतं, साहेब. पण घरच्या शाळेला एक मुलगी लागते. माझ्याकडे जास्तीची नाही."

मुख्याध्यापकांनी हजेरीपट पुढे ओढून तिघांची नावं स्वतःच लिहिली. मग म्हणाले, "बसू द्या उद्यापासून." माफीचा कागद मात्र त्यांनी लिहून घेतला. कोटातली माणसं हेलावली तरी कागद सोडत नाहीत.

त्यापुढचे दोन महिने चाळीने फुकटात करमणूक करून घेतली. नळावर त्यांनी दुसऱ्याच आठवड्यात सुधारणा सुचवली: लहान भांडीवाल्यांना आधी सोडा, म्हणजे एकूण थांबणं कमी होतं. हे गणिताने बरोबर होतं. कोपऱ्यातल्या खोलीतल्या सखूबाई म्हणाल्या, "ल्हान भांडं म्होरं? बरं हाय, भाऊ." दुसऱ्या दिवशी सगळ्याजणी एकेक तांब्या घेऊन आल्या आणि एकट्या त्यांच्याच पुढ्यात हंडा. तांब्याच्या सात-सात खेपा झाल्या आणि ते उन्हं वर येईपर्यंत उभे राहिले. त्या दिवसापासून नळाच्या कारभारात ते पडले नाहीत.

भाकरी हे प्रकरण आणखी अवघड होतं. परातीतून तव्यावर जाईपर्यंत तिचे सुटे भाग होत. मुलं शाळेतून येऊन जेवायला बसली की वसंत एक तुकडा उचलून विचारी, "दादा, हे रिजेक्शन म्हणायचं का रिवर्क?" ते गंभीरपणे सांगत, "रिवर्क. दुधात कुस्कर." वहिनी तोंडाला पदर लावून बाहेर जात. हसायला जात असत, असं तेव्हा मला वाटे. कधीकधी बाहेर आल्या की त्या डोळेही पुसत.

शालन आतल्या कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून, कानांत बोटं घालून वाचत बसे. संध्याकाळी किंवा सकाळी, माझ्या शिफ्टप्रमाणे, मी तिला इंग्रजी शिकवत होतो. ती हुशार होती, पण भित्री झाली होती. उत्तर येत असलं तरी आधी माझ्या तोंडाकडे बघे. वर्षभर ती दुसऱ्यांच्या चुका सुधारत आली होती. स्वतः चुकण्याची सवय उरली नव्हती.

पेपर झाले. निकालाच्या दिवशी सकाळी त्यांनी मला बोलावलं. उन्हाळ्यामुळे नळाची वेळ सरकून नऊवर गेली होती.

"तुम्ही घेऊन जा तिला. मला पाणी आहे."

"पाणी वहिनी भरतील. चला तुम्हीच."

"नको राव," ते म्हणाले. "मला बघून तिथली यादी बदलणार नाही."

मी तिला सायकलच्या कॅरिअरवर बसवून निघालो. निम्मी वाट मागे पडली. मग ती मागून म्हणाली, "काका, बार्शीची गाडी थेट असते का हो? की पुण्याला बदलायची?"

"तुला कशाला?"

"नाही, सहज. पिशवी किती मोठी न्यायची ते बघायला."

मी सायकल जोरात मारली. हायस्कूलच्या फळ्यावर यादी लावली होती. बाहेरून बसलेल्यांची नावं तळाला, वेगळी. चारच होती. तिसरं तिचं. पुढे लिहिलं होतं, 'उत्तीर्ण, इयत्ता आठवी.' तिने ते नावावर बोट ठेवून वाचलं. मग गर्दीबाहेर येऊन उभी राहिली, पुन्हा आत शिरली आणि पुन्हा वाचून आली.

आम्ही परतलो तेव्हा नळ आला होता आणि त्यांच्यापुढे एकच बाई होती. सायकल बघून सगळी रांग आमच्याकडे वळली. पोरीचा निकाल एव्हाना नळाचाही झाला होता.

"दादा," शालन म्हणाली, "आठवीत घेतलं."

त्यांनी मान हलवली. पुढची बाई घागर घेऊन बाजूला झाली, तसा त्यांनी हंडा नळाखाली सरकवला आणि त्यात पडणाऱ्या पाण्याकडे बघत उभे राहिले. हंडा भरला. वरून वाहू लागला. पाणी त्यांच्या चपलांवरून गेलं.

"भाऊ, भरलाय हंडा," मागून सखूबाई म्हणाल्या.

"हो."

"मग काढा की."

"हो," ते म्हणाले आणि तसेच उभे राहिले. सखूबाईंनी आपली रिकामी घागर मागे ओढून घेतली.

शेवटी शालनच वाकली आणि हंड्याला हात घातला. ते एकदम भानावर आले.

"ठेव तो."

"दादा, तुमची रजा कालच संपली. भोंगा पण होऊन गेला."

"ठेव म्हटलं ना. तुला शाळा आहे."

"शाळा जूनमध्ये आहे. अजून महिना आहे."

"मग महिनाभर बस," ते म्हणाले. त्यांनी हंडा खांद्यावर घेतला, आणि पाणी शर्टावर सांडत घराकडे निघाले. दारात वहिनी उभ्या होत्या. ओरडून म्हणाल्या, "आवं, कामाला जायाचंय न्हवं? किती वाजले बघा तरी!"

"माहीत नाही," ते म्हणाले आणि ओल्या पायांनी आत गेले.